मूठभर पांढरी वाळू

बलरामचे हात थरथरतात हे बेटावरच्या ग्रां बुआ गावात फक्त घरातल्यांना ठाऊक होतं. खुद्द बलरामला, त्याच्या बायकोला म्हणजे वत्सलाला, आणि त्याच्या आईला. आई, भगवतीबाई, म्हणायची थंडी बाधली आहे, मोहरीचं तेल चोळ. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला होता, शिरांचा आजार आहे, हळूहळू वाढेल, थांबणार नाही. वत्सलाने दोघांचंही ऐकून घेतलं, तेल रोज चोळलं आणि डॉक्टरचं बोलणं पोटात ठेवलं.

आता हात थरथरले तर थरथरले, त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याने साखर कारखान्यातली ओतशाळा बघितलेली नसणार. तिथे बलराम साचे करायचा. कारखान्यातलं एखादं चाक फुटलं, दाता तुटला, की वाळूचा साचा करायचा, त्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं आणि नवा भाग काढायचा. साधा साचा कुणीही शिकतो. पण जिथे बिडाच्या पोटात पोकळी हवी असते, तिथे साच्याच्या आत वाळूचाच एक गाभा बसवावा लागतो. बीड त्या गाभ्याभोवती फिरतं, थिजतं, मग गाभा फोडून काढून टाकला की मागे पोकळी उरते. पोकळी वळणावळणाची हवी तर गाभाही तसाच हवा, आणि तो हातानेच कोरायचा. बलरामचा बाप तो कोरायचा, बापाने बलरामला शिकवलं, आणि आसपासच्या कारखान्यांत असला गाभा कोरणारा दुसरा माणूस नव्हता. याचा त्याला गर्व नव्हता म्हणावं तर ते खोटं होईल. होता, चांगला टोपलीभर होता. बापाच्या हत्यारांची पेटी तो कुणाला पुसूसुद्धा द्यायचा नाही.

आणि त्याच माणसाला आता कप उचलून चहा पिता येत नव्हता. कामावर तो सांगायचा, चहाने पित्त होतं. हात सारखे वाळूत खुपसून ठेवायचा, नाहीतर पाठीमागे बांधायचा. सोबतचे म्हणू लागले की बलराम हल्ली मोठा साहेब झाला, हात मागे बांधून फिरतो. तो हसायचा. घरी आला की ओसरीवर बसून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायचा.

"हरिलाल मुकादमाला कळलं की संपलं," तो एकदा वत्सलाला म्हणाला. "मला काढणार न्हायत. तेवढे वाईट न्हायत ते. आंगणात झाडू देतील. बापाच्या जागेवर दुसरा बसंल आन मी त्याच्या समोरून कचरा ओढत जाईन. मला ते बगवणार न्हाय गो."

वत्सलाने तेलाची वाटी पुढे ओढली. खोटा धीर देणं तिला जमत नसे, आणि खरं बोलायला जीभ रेटेना.

तशातच चौऱ्याऐंशी सालचा कूप आला. कूप म्हणजे ऊसतोडीचा हंगाम, कारखाना रात्रंदिवस चालतो आणि बिघाडालाही तेव्हाच बरोबर मुहूर्त सापडतो. रसाच्या पंपातलं चाक चिरलं. या चाकाच्या पोटात वाकड्या वाटा असतात, त्यांतून रस फेकला जातो. नवं चाक बोटीने यायचं म्हणजे हंगाम सरून गेला असता. मुकादम हरिलाल ओतशाळेत आला आणि क्रेओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या बोलीत, म्हणाला, "बलराम, दुसऱ्या, जुन्या पंपावर मी कसंबसं ढकलतो. तुमचे गणपती होऊ देत. पण ते झाले की चाक हवं."

"मिळंल," बलराम म्हणाला. हात वाळूत होते.

घरामागच्या पत्र्याच्या खोपटात त्याने गाभा कोरायला घेतला. कारखान्यात सगळ्यांसमोर हात लावायची त्याची हिंमत नव्हती. वत्सला दाराशी उभी राहून बघत होती. सुरी वाळूला लागायची, वळणापर्यंत नीट यायची, आणि नेमक्या बारीक जागी पातं हलायचं. कड ढासळायची. तो पुन्हा वाळू दाबायचा, पुन्हा कोरायचा. रविवार असाच गेला. शेवटी त्याने सुरी बाजूला ठेवली, ढासळलेल्या वाळूकडे बघत बसला आणि रडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, बाप गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता.

वत्सला लग्नाआधी गुडलँड्सला कापड छापायच्या शेडमध्ये कामाला होती. तिकडे उत्तरेत सगळ्या पोरी शिवण नाहीतर छपाई करतात. वत्सलाने पर्यटकांच्या शर्टांवर डोडो पक्षी आणि नारळाची झाडं इतकी छापली होती की डोडो जिवंत असता तर तिला घाबरून पळाला असता. लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, जाळीवर आकार कापलेला मेणकागद, वरून रंग ओढायचा की खाली चित्र उमटतं. एका रंगाला एक जाळी. लाल पहिला, मग हिरवा, मग काळा, एकावर एक. खोपटाच्या दाराशी उभ्या उभ्या तिला ते आठवलं.

"अहो, एक सांगू? रागावणार न्हाय तर."

"सांग. रागावायला तरी हात कुठं थाऱ्यावर हायत."

"तुम्ही कोरता म्हंजे नको ती वाळू काढता. छापणारा हवं तिथंच रंग लावतो. वाळूचा पातळ थर पसरायचा. गाभा जितका हवा तितक्याच जागी चिकट पाक छापायचा. वर दुसरा थर, पुन्हा पाक. असं थरावर थर. शेवटी भाजायचं. पाक लागला ती वाळू धरंल, बाकीची झटकली की गळून जाईल."

बलरामने तोंड पुसलं. "वाळूवर छापणार? डोडो छापलेस म्हून वाळूवर छापशील?"

ती ढासळलेली वाळू गोळा करू लागली. जरा वेळाने त्यानेच विचारलं, "पाक कसला?"

इथून पुढे त्या घराचं काही खरं राहिलं नाही. पाक मळीचा करायचा हे लगेच ठरलं, कारण कारखान्यात काळ्या मळीचे हौद भरलेले असतात आणि ओतकामवाले वाळू धरायला थोडी मळी तशीही वापरतात. पण ती हाताने मळायची असते. इथे ती जाळीतून उतरायला हवी. पातळ केली तर जाळीतून पटकन उतरे, पण वाळूत पडली की शाईच्या डागासारखी पसरे आणि आकाराची कड पुसून जाई. घट्ट ठेवली तर जाळीतच बसे. वत्सलाने ती आटवून बघितली. मग गुडलँड्सच्या शेडमध्ये रंगाला डिंक घालत ते आठवून तांदळाची घट्ट पेज घातली. पसरणं कमी झालं, पण भाजल्यावर गाभा बिस्किटासारखा तुटे. मग बलराम म्हणाला, चिमूटभर चिकणमाती घाल, बारीक, तलम कपड्यातून गाळलेली. माती घातली आणि पाक वाळूत पडला तिथेच थांबला. जाळी वाळूला टेकवायची नाही, टेकली की थर विस्कटतो, हेही तिला चुकत चुकत कळलं. चौकट दोन पट्ट्यांवर केसभर वर ठेवायची आणि पाक हलक्या हाताने ओढायचा.

"मग पेज जास्त घालू का? अजून घट्ट धरंल," तिने विचारलं.

"नको. बिडाच्या आचेला गाभ्यातलं काहीबाही जळतं आन त्याचा वायू होतो. थोडा चालतो, वाळूतून निघून जातो. जास्त झाला की बिडात शिरतो. मग बीड उसळतं आन चाकाला भोकं पडतात. धरण्यापुरतं घालायचं, त्याच्यावर एक थेंब न्हाय."

भगवतीबाई चुलीशी बसून हे सगळं ऐकायच्या. "सणाचं गोडधोड करायचं सोडून नवरा-बायको वाळूला पाक पाजतायत," त्या म्हणायच्या. "उद्या म्हणाल, दगडाला मोदक भरवा."

आकार कुठून आणायचे हा प्रश्न बलरामने सोडवला. पंपातून काढलेल्या चिरलेल्या चाकाच्या वाटांमध्ये त्याने ओली माती दाबून भरली. दाबायला हात थरथरला तरी बिघडत नाही. माती जरा आवळली तेव्हा चाकच फोडलं आणि मातीचा गाभा अख्खा बाहेर काढला. वत्सलाने तारेने त्याच्या चकत्या केल्या, दुधी भोपळ्याच्या करतात तशा, आणि एकेक चकती मेणकागदावर ठेवून आकार कापला. माती सुकून आकसते म्हणून कड केसभर मोठी धर, एवढं त्याने सांगितलं. सगळी वाळू मात्र तो स्वतः चाळायचा. ती कारखान्याची वाळू होती, परदेशातून बोटीने गोणीतून येणारी, करडी, एकसारख्या दाण्यांची. वत्सलाला वाटे, चारी बाजूंना समुद्र असताना वाळू विकत आणायची म्हणजे या साहेबलोकांचे नखरे. तिने कधी विचारलं नाही. विचारायला काय तोंडाला कुलूप होतं? पण माणूस जे रोज बघतो त्याबद्दल विचारत नाही, हेच खरं.

भाजायला नाक्यावरच्या पाववाल्याची भट्टी होती. त्याचे सकाळचे पाव निघाले की पत्र्याचा डबा आत जायचा. पहिल्यांदा एक लहानसा तुकडा छापून बघितला होता. डबा थंड झाल्यावर बलरामने तो उपडा केला, सैल वाळू भसकन गळाली, आणि आतून एक वाकडी, गुळगुळीत, तपकिरी पाकळी निघाली. बलरामने ती तळहातावर घेतली. हात थरथरत होता, पाकळी त्याच्यासोबत थरथरत होती, पण कुठे ढासळली नाही. तो हसला. इतक्या महिन्यांनी त्याला हसताना बघून वत्सला आत निघून गेली, कारण तिला रडू यायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने हरिलालला सांगितलं, नवी रीत काढली आहे, गाभा घरूनच करून आणतो. हरिलाल म्हणाला, "आकाशातून आण. चाक फिरलं म्हणजे झालं."

पण अख्खा मोठा गाभा छापला तो भट्टीत तडकला. मधोमध. बलराम तडकलेला गाभा घेऊन खोपटात गेला आणि दार लावून घेतलं. वत्सला बाहेर उभी. आत काही आवाज नाही, तेच तिला जास्त भ्यायला लावत होतं. जरा वेळाने तो बाहेर आला आणि म्हणाला, पेजेत पाणी जास्त राहिलं, आधी उन्हात सुकवून मग भाजू. आवाज शांत होता, पण डोळ्यांकडे बघवत नव्हतं. गणपती उद्यावर आले होते.

गणपती आले, आरत्या झाल्या, फेर धरून झाकरी नाचणारे दारावरून गेले. भगवतीबाईंनी मोदक केले आणि शेजारच्या ख्रिस्ती क्रेओल घरातही पाठवले. विसर्जनाला गावचे लोक लॉरीत बसून समुद्रावर गेले. मूर्ती पाण्यात सोडली की त्याच जागची मूठभर वाळू पाटावर घेऊन परत यायचं, ही रीत आजोबा-पणजोबांनी कोकणातून बोटीत सोबत आणली होती. घरी आल्यावर त्या वाळूची आरती करायची, चिमूट चिमूट घरात शिंपडायची आणि उरलेली तांदळाच्या डब्यात घालायची. कोकणात ती वाळू काळसर असते म्हणे. इथली पांढरीशुभ्र, शिंपल्यांसारखी.

"ज्यात घराचं पोट हाय त्यात घाल गो," भगवतीबाई दरवर्षी म्हणायच्या तसं यंदाही म्हणाल्या, आणि पाट वत्सलाच्या हातात दिला.

वत्सला पाट घेऊन तांदळाच्या डब्यापाशी गेली आणि थांबली. यंदा घराचं पोट तांदळाच्या डब्यात नाही, खोपटातल्या पत्र्याच्या डब्यात आहे, असं तिच्या मनात आलं. बलराम पाहुण्यांसोबत ओसरीवर होता. खोपटात चाळलेल्या वाळूची रास झाकून ठेवली होती, उद्या छापायला. तिने झाकण काढलं, पांढरी वाळू तिच्यात घातली आणि दोन्ही हातांनी घाईघाईने आत कालवली. देवा, एवढं निभाव, म्हणाली. वाळूत वाळू, त्यात काय बिघडतं. तिने हात जोडले आणि बाहेर आली. फार दिवसांनी तिला जरा हलकं वाटलं.

यावेळी गाभा तडकला नाही. उन्हात सुकला, भट्टीत भाजला, डबा उपडा केला आणि वाकड्या वाटांचा अख्खा गाभा निघाला, कोरीव देवळाच्या तुकड्यासारखा. मळीचा पाक हवेतली ओल ओढून घेतो आणि मऊ पडतो, म्हणून वत्सलाने तो घोंगडीत गुंडाळून चुलीशेजारी ठेवला, आणि हरिलालची गाडी आली तेव्हा मांडीवर घेऊन स्वतःच बसली. तान्हं मूल दवाखान्यात नेतात तशी ती ओतशाळेपर्यंत गेली. बाईमाणूस आत जात नाही, म्हणून दाराशी उभी राहिली.

गाभा साच्यात बसवायचं काम बलरामने दोघा कामगारांना सांगितलं आणि स्वतः हात मागे बांधून उभा राहिला. त्याआधी बीड वाळूला चिकटू नये म्हणून गाभ्यावर काळा लेप मात्र त्यानेच लावला. मोठा कुंचला, जाड लेप, हलला हात तरी दिसत नाही. कुंचला फिरवताना त्याने दाराकडे वत्सलाकडे एकदा बघितलं. तो लेपही त्यांनी शेगडीवर नीट सुकवून घेतला.

बीड ओतलं. लाल धार साच्यात शिरली. बलरामचे खांदे खाली आले. आणि मग साच्याच्या आतून गुडगुड ऐकू आली. उतू जाणाऱ्या भाताच्या हंडीसारखं बीड वरच्या भोकातून उसळलं, फुटलं, ठिणग्या उडाल्या. लोक मागे सरले. बलराम सरला नाही. त्याच्या कातडी एप्रनला भोक पडलं, तरी तो तिथेच उभा राहून बघत होता. वत्सलाने दाराची चौकट घट्ट धरली होती. तिला पांढरी वाळू आठवली, आणि तिने तो विचार झटकून टाकला. देवाची वाळू कशी बाधेल?

साचा थंड झाल्यावर दुसऱ्या दिवशी फोडला. वत्सला जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती तशीच दारात थांबली. चाक एका बाजूने सुरेख उतरलं होतं, आणि दुसरी बाजू वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखी भोकाभोकांची. बलराम उकिडवा बसून चाकाच्या वाटांमधली वाळू बोटाने खरवडत होता. बराच वेळ खरवडत होता. मग त्याने मूठ मिटली आणि उठला.

हरिलाल चिडलेला होता, आणि त्याचंही काही चुकलं नव्हतं. वरून साहेब त्याच्या मागे लागले होते. "पुरे झाला तुझा तो पाक," तो म्हणाला. "जुन्या रीतीने कोर. आत्ता, इथेच बस. मी समोर थांबतो." त्याने पेटी उघडली, बलरामच्या बापाची सुरी काढली आणि त्याच्यासमोर धरली.

सगळे बघत होते. वत्सलाला वाटलं आत धावावं आणि ती सुरी ओढून घ्यावी.

बलरामने सुरी घेतली नाही. त्याने दोन्ही हात पुढे केले, बोटं पसरली आणि तसेच धरून ठेवले. हात थरथरत राहिले.

"पाकाचा दोष न्हाय," तो म्हणाला. "लेप मी लावला. हात हलला, लेप जाड बसला, आत ओल राहिली. ओलीने बीड उसळलं. दुसरं काय न्हाय."

"कधीपासून?" हरिलालने विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"या थंडीपासून."

"आणि गाभा कुणी केला?"

"माझ्या बायकोने. मी वाळू चाळली."

हरिलालने सुरी परत पेटीत ठेवली. पेटी बंद केली आणि जरा वेळ तिच्यावर हात ठेवून उभा राहिला. वाईट माणूस नव्हताच तो. "मग तिला परत करू दे," तो म्हणाला. "साहेबांना मी सांभाळतो. पण बलराम, या जागेवर मला दुसरा माणूस बसवावा लागेल. तुला कळतंय ना?"

"कळतं. मी वाळू चाळीन. चाळणीला हलणारा हात चालतो."

एकजण हसला आणि लगेच गप्प झाला.

आणि वत्सलाचं काय झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच हवं. नवऱ्याची सारी अब्रू लोकांसमोर उघडी पडली, आणि तिच्या छातीवरचा दगड उतरला. म्हणजे वाळूमुळे नाही. लेपामुळे झालं, ओलीमुळे झालं. आपल्यामुळे नाही. पुढच्याच क्षणी तिला स्वतःची शिसारी आली, पण ते हायसं वाटणं वाटून गेलंच होतं.

संध्याकाळी ती तेल कोमट करून ओसरीवर आली. बलराम भिंतीला टेकून बसला होता. हात आता मांड्यांखाली नव्हते, मोकळे समोर पडले होते. लपवायला काही उरलंच नव्हतं. तिने त्याचा उजवा हात मांडीवर घेतला आणि तेल चोळू लागली. काहीतरी बरं बोलावं म्हणून ती म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. पुढच्या टायमाला लेप मी लावते."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग डाव्या हाताने खिशातून कागदाची पुडी काढली आणि तिच्या समोरच्या थाळीत उलटी केली. काळ्या, जळक्या वाळूत पांढरे दाणे होते. गाभ्याच्या अगदी आतले, आचेतून वाचलेले.

"ही वळखतेस?"

तेलाचा हात तिथेच थांबला.

"ही शिंपल्यांची वाळू. सगळी चुन्याची," तो म्हणाला. रागाने नाही, तिला पाकाचं समजावून सांगायचा तसंच. "बिडाची आच लागली की तिचा चुना होतो आन वायू सुटतो. दाण्या-दाण्यातून. म्हून समुद्र दारात असून कारखान्याची वाळू बोटीनं येते. बापानं मला पयल्या दिवशी सांगितलं होतं. मी तुला सांगायला पायजे होतं."

"मी..." वत्सलाने हातावरचं तेल पदराला पुसलं. "मी देवाची म्हून घातली. तुमच्यासाठी घातली हो."

"ठावं हाय."

"मग तुम्ही हात का दाखवले? वाळू दाखवायची. माझं नाव घ्यायचं. मी उभीच होते तिथं."

"चुकीला तुझं नाव घेतलं असतं तर हरिलाल म्हणाला असता, बायकांचा खेळ, बंद करा. तुझा पाक बाद झाला असता. मग सुरी मलाच घ्यावी लागली असती, आज न्हाय तर उद्या." त्याने हात तिच्या मांडीवरून उचलला, थरथरणाऱ्या बोटांकडे बघितलं आणि परत ठेवला. "कुणाचं तरी नाव घ्यावंच लागणार होतं. हे हात तर दिसणारच होते कवातरी. तुझा पाक चांगला हाय, वत्सला. चाकाची चांगली बाजू बगितलीस? माझ्या बापालाबी तशी उतरवता आली नसती."

वत्सला हुंदके देऊन रडली. तो तिला गप्प बस म्हणाला नाही, त्याने तिला जवळही ओढलं नाही. तो रस्त्याकडे बघत होता. कामावरून परतणारे लोक जात होते आणि आज पहिल्यांदा कुणी त्याला हाक मारली नव्हती.

आतून भगवतीबाईंचा आवाज आला. त्यांना कशाचा पत्ता नव्हता. "गो, यंदा तांदळात वाळू दिसत न्हाय. घातलीस का न्हाय?"

वत्सलाने तोंडावर पदर धरला.

"घालायची राहिली, आई," बलराम म्हणाला. "आता घालते ती."

आणि त्याने थाळी तिच्याकडे सरकवली. वत्सलाने पांढरे दाणे वेचायला बोटं पुढे केली. तिला एकही दाणा उचलता येईना.